इंग्रजी ‘विथ’ आणि मराठी ‘शी’

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. नामे व क्रियापदे शिकविताना शिक्षकास फारशी अडचण पडत नाही. गाय दाखविली की ‘काऊ’ समजते, उडी मारून दाखविली की ‘जंप’ समजते. अडचण येते ती ‘ऑफ’, ‘टू’, ‘बाय’, ‘विथ’ अशा चिमुकल्या शब्दांपाशी. हे शब्द बोटाने दाखविता येत नाहीत, आणि ते चुकले की सगळे वाक्य बिघडते. प्रस्तुत पाठात त्यांपैकी ‘विथ’ या एकाच शब्दाचा विचार केला आहे.

‘विथ म्हणजे बरोबर’ एवढाच अर्थ बहुतेक वर्गांत पाठ करून घेतला जातो. ‘कम विथ मी’ या वाक्यापुरता तो पुरतो. परंतु पुढे ‘आय कट द मँगो विथ अ नाइफ’ हे वाक्य आले म्हणजे पाठांतर चोख असलेला मुलगा ‘मी सुरीबरोबर आंबा कापला’ असे भाषांतर करतो. जणू सुरी हा त्याचा सोबतीच! वर्ग हसतो, आणि तो मुलगा पुढील आठवडाभर हात वर करीत नाही. वस्तुतः शिकविलेल्या अर्थाला तो पूर्णपणे धरून होता. अर्थच अपुरा दिला गेला होता.

भिवंडी तालुक्यातील मुलांच्या नित्य परिचयातील काही वाक्ये पाहावीत. मागावरची कांडी सुताने भरलेली असते. गोदामाच्या दारातील ट्रक मालाने भरलेला असतो. पत्र्याच्या छपराचे घर, लांब केसांची मुलगी, थंडीने कुडकुडणारे पोर, ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ असे म्हणणारा प्रवासी, शेजाऱ्याशी बोलणारी बाई. या सर्व ठिकाणी इंग्रजीत ‘विथ’ योजता येतो. मराठीत मात्र कोठे ‘ने’, कोठे ‘चा-ची-चे’, कोठे ‘जवळ’, तर कोठे ‘शी’ येतो. शाळेतील पोषण आहाराच्या पंगतीत हा भेद एका दमात दाखविता येईल. मुलगी आमटीशी भात खाते, चमच्याने खाते, मैत्रिणीबरोबर खाते आणि आवडीने खाते. इंग्रजी वाक्यात चारही वेळा ‘विथ’च येईल. फळ्यावर हे एकच उदाहरण लिहिले तरी मुलांच्या ध्यानात येते की, शब्दास शब्द जोडून काम भागत नाही. नाते ओळखावे लागते.

एका शब्दावर इतकी नाती का लादली गेली, हे पाहावयाचे तर त्याचे मूळ शोधले पाहिजे, आणि ते मोठे आश्चर्यकारक आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य अर्थ ‘बरोबर’ असा नव्हताच; तो ‘विरुद्ध’, ‘समोर’ असा होता. सोबत दाखविण्यासाठी त्या काळी ‘मिड’ हा निराळा शब्द होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद ‘मिट’ आजही त्याच अर्थाने नांदतो. इंग्रजीतून मात्र ‘मिड’ मध्ययुगात लोपला आणि त्याची जागा ‘विथ’ने घेतली. प्रत्येक आरोग्य उपकेंद्रातील परिचारिकेच्या पदनामात ‘मिडवाइफ’ हा शब्द आहे. त्यातील ‘मिड’ तो हाच, आणि ‘वाइफ’ म्हणजे तेथे पत्नी नव्हे, तर केवळ स्त्री. बाळंतिणीच्या सोबत असणारी स्त्री, म्हणजे आपली सुईण. ‘मिड’ म्हणजे मधला असे समजून या शब्दाची फोड करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

‘विरुद्ध’चा ‘बरोबर’ कसा झाला? याचे उत्तर लढाईत सापडते. कोणाच्या विरुद्ध लढावयाचे तर त्याच्या समोर यावे लागते. भांडण एकट्याने होत नाही. बोलणे, व्यवहार करणे, सौदा करणे याही समोरासमोरच्याच क्रिया होत. अशा क्रियापदांच्या सान्निध्यात राहून शब्दातील वैर हळूहळू गळाले आणि संबंध तेवढा उरला. इंग्लंडात येऊन वसलेल्या उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांच्या भाषेत या शब्दाचाच एक सगोत्र सोबतीच्या अर्थानेही वापरात होता. त्याचाही या बदलास हातभार लागला असावा, असे विद्वान मानतात.

जुना अर्थ सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. बँकेतून पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर ‘विथड्रॉल’ असते. तेथे ‘विथ’ म्हणजे मागे, दूर. ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणे. पगार रोखून धरला की ‘विथहेल्ड’ असा शेरा येतो, तोही याच घराण्यातला. संकटापुढे टिकून उभे राहणे ते ‘विथस्टँड’. या शब्दांत ‘बरोबर’ हा अर्थ कितीही शोधला तरी मिळणार नाही. आणखी मागे गेले तर ‘विथ’चे नाते संस्कृतातील ‘वि’ या उपसर्गाशी जुळते, असे भाषाशास्त्र सांगते. वियोग, विभाग, विलग यांतील ‘वि’ दोन बाजू वेगळ्या झाल्याचे सुचवितो. ज्या शब्दाने आज इंग्रज माणूस सोबत दाखवितो, त्याच्या पोटात मुळात ताटातूट होती.

मराठीस हे परके वाटू नये. ‘शी’ हा प्रत्यय पाहावा. ‘तो मित्राशी बोलला’ यात स्नेह आहे, ‘तो शत्रूशी लढला’ यात वैर आहे, प्रत्यय एकच. ‘बरोबर’ची कथा तर अधिकच बोलकी आहे. हा शब्द फारसीतून आला. त्या भाषेत ‘बर’ म्हणजे छाती. छातीस छाती भिडलेली, म्हणून समान, सारखे, असा त्याचा मूळ भाव. त्यातून मराठीत तीन अर्थ फुटले. शिक्षक उत्तरपत्रिकेवर ‘बरोबर’ लिहितो तो अचूकपणाचा, ‘त्याच्या बरोबरीचा’ यात समानतेचा आणि ‘माझ्याबरोबर चल’ यात सोबतीचा. ‘तो माझ्याबरोबर भांडला’ असेही लोक सर्रास म्हणतात आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. ‘शी हॅड अ फाइट विथ हर सिस्टर’ हे वाक्य समजावून देताना हीच मराठी वाक्ये पुढे ठेवावीत. व्याकरणातील नियमापेक्षा ती लवकर पटतात.

भिवंडी परिसरात यंत्रमागांच्या निमित्ताने अनेक भाषा एकत्र आल्या आहेत, आणि येथील वर्गात त्याचा उपयोग करून घेता येईल. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरी ‘अन्नतो’ म्हणजे थोरल्या भावाबरोबर आणि ‘कत्तितो’ म्हणजे सुरीने. एकाच ‘तो’ प्रत्ययात सोबत व साधन दोन्ही सामावतात, म्हणून त्या मुलास ‘विथ’ सहज उमगतो. उर्दूभाषी मुलाजवळ ‘से’ आहे. ‘चाकू से’, ‘भाई से बात’, ‘दुश्मन से लडना’ हे सारे त्यात बसते. परंतु ‘भिवंडी से’ म्हणजे भिवंडीहून, हाही अर्थ त्याच शब्दाचा असल्यामुळे तेथे त्याला ‘फ्रॉम’ वेगळा काढून द्यावा लागतो. अशी मुले वर्गात असतील तर त्यांनाच ‘तुमच्या घरी काय म्हणतात?’ असे विचारावे.

मराठी मुलाची खरी कसोटी ‘ने’पाशी लागते. ‘सुरीने’ म्हणजे ‘विथ अ नाइफ’, पण ‘बसने’ म्हणजे ‘बाय बस’. हातात धरून वापरावयाच्या वस्तूस ‘विथ’ आणि प्रवासाच्या वाहनास ‘बाय’, एवढी खूणगाठ प्राथमिक शाळेपुरती पुरे. ‘रामाने आंबा खाल्ला’ यातील ‘ने’स मात्र इंग्रजीत काहीच लावावयाचे नाही, कारण तेथे राम हा कर्ता आहे. ‘बाय राम एट मँगो’ असे लिहिणाऱ्या मुलाने मराठीतील प्रत्यय प्रामाणिकपणे उचललेला असतो. त्याच्या वाक्यावर नुसती फुली मारण्यापेक्षा ‘खाणारा कोण?’ असे विचारले तर चूक त्याची त्यालाच दिसते.

स्थानाचाही फरक आहे. मराठीत ‘भावाबरोबर’, म्हणजे नाम आधी व नात्याचा शब्द त्याला मागून चिकटलेला. इंग्रजीत तो नामाच्या पुढे, सुटा उभा राहतो. आरंभी मुले ‘ब्रदर विथ’ म्हणतात ते यामुळेच. दोन मुलांस ‘विथ’ व ‘माय ब्रदर’ असे कागद देऊन फळ्यापुढे जागा बदलावयास लावले तर हा क्रम खेळता खेळता बसतो.

काही प्रयोग तर्काने सुटत नाहीत. गुरुजी मुलावर रागावतात, परंतु इंग्रजीत ते ‘अँग्री विथ’ असतात, ‘अँग्री ऑन’ नव्हे. उलट मराठीत एखादीशी लग्न करतात, तर इंग्रजीत ‘मॅरी’ या क्रियापदापुढे ‘विथ’ मुळीच येत नाही. असे प्रयोग जसे वाचनात येतील तसे वहीच्या शेवटच्या पानावर पूर्ण वाक्यासह उतरवून ठेवण्यास मुलांस सांगावे. सुट्या शब्दांच्या याद्या करून घेऊ नयेत.