फौजी डॉक्टर व्हायला निघालेल्या भाचीसाठी

मुक्ता,

एएफएमसीच्या (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मुलाखतीचं बोलावणं आलं हे कळल्यापासून दादा आणि वहिनी मला एकच विचारताहेत: पोरीला सीमेवर पाठवतील का? आधी त्याचंच उत्तर देते. हो, पाठवतील. युद्ध होवो न होवो, फील्ड पोस्टिंग येतंच. पूर्ण नोकरी केलीस तर अनेकदा, शॉर्ट सर्व्हिसच केलीस तरी बहुधा एकदा. 'नाही पाठवलं तर बरं' असं मनाच्या कोपऱ्यात ठेवून जायचं असेल, तर नागरी कॉलेज घे, तिथंही उत्तम डॉक्टर घडतात. जायचंच ठरवलंस तर पुढचं वाच.

या कॉलेजात फी नाही. राहणं, जेवण, गणवेश सरकारचा. अनेक घरांतून मुलं एवढं बघूनच अर्ज भरतात, आणि इथंच घोटाळा होतो. साडेचार वर्षांनी अंतिम परीक्षा झाली की कमिशन मिळतं आणि इंटर्नशिप सैनिकी रुग्णालयात होते. परमनंट कमिशन मिळालं तर तो आयुष्याचा मार्ग, शॉर्ट सर्व्हिस मिळाली तर सात वर्षं. कुठलं मिळेल आणि भूदल, नौदल की हवाई दल, हे गुणवत्ता, तुझी पसंती आणि जागा यांवर ठरतं, एकट्या पसंतीवर नाही. मधेच नको म्हटलंस तर बाँडची रक्कम भरावी लागते, आणि ती लाखोंच्या घरात आहे. शिक्षण संपेपर्यंत लग्न करता येत नाही. हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं असतं, पण घरात ते कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. तू वाच. दादालाही वाचायला लाव.

आता पोस्टिंगचं. इंटर्नशिप आणि लखनौचं प्राथमिक प्रशिक्षण आटोपलं की बहुतेकांना एखाद्या पलटणीचे आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणून धाडतात. 800 च्या आसपास जवान आणि डॉक्टर एकटी तू. हाताशी थोडे नर्सिंग असिस्टंट, एक एमआय रूम, म्हणजे तपासणीची खोली, एक रुग्णवाहिका. जवळचं मोठं रुग्णालय कित्येक तासांवर. म्हणून इंटर्नशिपमध्ये लेक्चरच्या वह्या बाजूला ठेव आणि हात तयार कर. श्वासमार्ग मोकळा करणं, छातीत नळी घालणं, रक्तस्राव थांबवणं, मोडलेलं हाड बांधून रुग्ण हलवता येईल असा करणं, ही चार कामं अंधारातही जमली पाहिजेत. कॅज्युअल्टीची रात्रपाळी कुणी टाळत असेल तर ती तू माग.

पण खरं सांगू? गोळीचा रुग्ण क्वचितच येतो. रोजचं काम पाण्याचं, लंगरच्या स्वच्छतेचं, डासांचं, पायांच्या फोडांचं. कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, हा विषय मुलं कंटाळून वाचतात, आणि पलटणीत गेल्यावर पहिल्या महिन्यात तोच लागतो. पाण्यात क्लोरीन किती, संडास ओढ्यापासून किती दूर, हे डॉक्टरनं स्वतः जाऊन बघायचं असतं. एकदा अख्ख्या कंपनीला जुलाब लागले की तुझी सगळी सर्जरी निरुपयोगी ठरते.

उंचीवर पाठवलं तर एक गोष्ट हृदयावर कोरून ठेव. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईनं लडाखच्या उंचीवर नेले गेले आणि कितीतरी जण शत्रूच्या गोळीविना, फुप्फुसात पाणी भरून आजारी पडले. त्या काळातल्या 1,925 जवानांच्या नोंदींवर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 साली लिहिलेला शोधनिबंध आजही जगभर वाचला जातो. त्या अनुभवातून आपल्या सैन्याचा नियम झाला: 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 15,000 पर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस, आणि मगच कामाला. हा नियम मोडण्याचा आग्रह तुला होईल. वर माणसं कमी पडलेली असतील, हेलिकॉप्टर उभं असेल, कमांडिंग ऑफिसर (सीओ) घाईत असतील, आणि जवान स्वतः म्हणेल, 'मॅडम, मैं बिलकुल ठीक हूँ.' तेव्हा तू कॅप्टन आहेस आणि समोर कर्नल आहे हे विसरायचं नाही, पण डॉक्टर तूच आहेस हेही विसरायचं नाही. शांतपणे, आदरानं 'नाही सर' म्हणायचं आणि नोंदवहीत लिहायचं. चांगला सीओ अशा आरएमओची किंमत जाणतो.

फुप्फुसात पाणी भरायला लागलं की आधी कोरडा खोकला येतो, चालताना दम लागतो, मग बसल्या जागी. रात्री वाढतं. उपाय साधा आहे: प्राणवायू आणि खाली उतरवणं. पण हवामान बिघडलं की चीता हेलिकॉप्टर येत नाही, आणि मग ती रात्र तुला आणि तुझ्या नर्सिंग असिस्टंटला काढायची असते. म्हणून सिलिंडर किती भरलेले आहेत, रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची दाबपिशवी फाटलेली नाही ना, हे संध्याकाळी स्वतः तपास. दुसऱ्यानं तपासलं असं ऐकून झोपू नकोस. आणि मुलगी म्हणून सियाचीन चुकेल असं धरून चालू नकोस, 2023 पासून महिला वैद्यकीय अधिकारी तिथंही आहेत.

नर्सिंग असिस्टंटचा मान राख. तू त्याची अधिकारी असशील, पण त्यानं जितक्या शिरा शोधल्या असतील तितक्या तू अजून पाहिल्याही नसतील. त्याच्याकडून शिक, सगळ्यांदेखत शिक.

जवान आजार लपवतात. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा, गेला तर बढती अडेल ही भीती असते. रक्तदाब वाढलेला, पाठ दुखते, झोप नाही, पण सिक रिपोर्टवर नाव येणार नाही. असा माणूस डॉक्टरच्या खुर्चीतून कळत नाही, त्याच्या बराकीत जाऊन बसावं लागतं. गावच्या जमिनीचा दावा, रजा न मिळालेली, बायकोचं बाळंतपण, हे सगळं तुझ्यापाशी येईल. ऐकून घे, आणि गरज असेल तिथं सीओंपर्यंत पोचव. हिंदी पक्की कर. मराठा लाइट इन्फंट्री मिळाली तर नशीब, पण मद्रास किंवा गोरखा पलटण मिळाली तर महिनाभरात त्यांच्या भाषेतली दुखण्याची नावं पाठ कर.

पोस्टिंग म्हणजे काश्मीर-लडाखच असंही नाही. कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली 60 पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सनं जखमी सैनिकांची सेवा केली. त्याच परंपरेतल्या तुकडीनं 2023 च्या फेब्रुवारीत भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केंदेरुनला रुग्णालय उभारलं. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवरही आपले डॉक्टर जातात.

आणि वहिनीपासून लपवू नये अशी गोष्टही सांगते. जिनिव्हा करारानुसार डॉक्टर लढवय्या धरला जात नाही, तो शस्त्र वापरतो ते स्वतःच्या आणि रुग्णांच्या रक्षणापुरतं. पण रेड क्रॉसची खूण सगळेच मानत नाहीत. 2010 च्या फेब्रुवारीत काबूलमध्ये मेजर लैश्राम ज्योतिन सिंग भारतीय वैद्यकीय पथकात होते. अतिथिगृहावर हल्ला झाला तेव्हा निःशस्त्र असताना त्यांनी आत्मघातकी हल्लेखोराला मिठी मारून अडवलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तू होऊ पाहतेस तसे तेही फौजी डॉक्टरच होते. आईबाबांशी हे आत्ताच बोल, पहिल्या पोस्टिंगच्या आदल्या रात्री नको. नोकरी लागताच विम्याचं आणि फंडाचं नामनिर्देशन भर, बँकेचे कागद दादाला दाखवून ठेव, बदली झाली की पत्ता कळव.

अभ्यास सोडू नकोस. पदव्युत्तर प्रवेश काही वर्षांच्या नोकरीनंतर मिळतो, आणि फील्डमध्ये संध्याकाळी वेळ असतो. पत्त्यांच्या डावात तो सहज निघून जातो. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या, बालरोगतज्ज्ञ झाल्या, इथल्याच डीन झाल्या, आणि पुढे आपल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. गणवेशामुळे शिक्षण खुंटतं असं तुला कुणी सांगितलं तर त्यांचं नाव सांग.

शेवटी प्रवेशाचं. कॉलेजच्या एकूण दीडशेच्या आसपास जागांत मुलींसाठी 30 आहेत. नीटच्या गुणांवरच भागत नाही: इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. मुलाखतीत 'देशसेवा' म्हणून थांबू नकोस. फील्डमध्ये डॉक्टर काय करतो हे तुला ठाऊक आहे असं त्यांना दिसू दे. डोळे, दात आणि कान आधीच दाखवून घे. बाँडची प्रत घेऊन या रविवारी आईबाबांबरोबर बस, आणि ज्या ओळीवर अडाल ती मला फोन करून विचारा.

तुझी आत्या