विणकराची पाठ, डोळे आणि छाती

सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर कंबर-गुडघे धरलेली माणसे लांबून येतात. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात व काही वेळ बरे वाटते. मात्र दुखण्याचे मूळ रोजच्या कामात असेल, तर ते पुन्हा डोके वर काढते. हातमागाचे काम हे याचे ठळक उदाहरण होय. २०१९-२० च्या गणनेनुसार देशात विणकर व पूरक काम करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक लोक या धंद्यात असून त्यांत स्त्रियाच अधिक आहेत.

पाठ : येवल्याची पैठणी आपण कौतुकाने नेसतो. एकेका पैठणीला कित्येकदा महिने लागतात. खड्डामागावर विणकर पाय खड्ड्यातील पावड्यांवर ठेवून, पुढे वाकून तासन्‌तास बसतो. त्यामुळे मान, कंबर व गुडघे धरतात. बैठकीवर जाड गादी घ्यावी, पाठीला टेकू असावा आणि पाय पावडीवर सहज पोचतील अशी बैठकीची उंची ठेवावी. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उभे राहून कंबर मागे ताणावी. मजुरी नगावर मिळते, वेळ कुठला, असे विणकर म्हणतात. पण पाठ धरून आठवडा बुडण्यापेक्षा ही दोन मिनिटे स्वस्त पडतात.

डोळे : उजेड बाजूने व थेट विणीवर पडावा, डोळ्यांवर नव्हे. मधूनमधून लांब पाहावे. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतोच. पण वाचनाचा चष्मा मागावर नेहमीच चालतो असे नाही, कारण कापड पुस्तकापेक्षा लांब असू शकते. मागावर बसून डोळ्यापासून विणीपर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजावे व तो दोरा चष्म्याचा नंबर काढताना सोबत न्यावा.

छाती : महाड-पोलादपूरची पुष्कळ माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत होती. १९८२ च्या संपानंतर परतलेले काही वृद्ध आजही माझ्याकडे तपासणीस येतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची, असे ते सांगतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या विकारास बिसिनोसिस म्हणतात. आरंभी त्रास त्याच दिवशी होतो, पुढे रोजचा होतो आणि शेवटी धाप कायमची जडते. हातमागावर धूळ गिरणीपेक्षा कमी. तरी बंद खोलीत सूत उकलताना, कांड्या भरताना ती उडतेच. हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात व लहान मुले जवळच खेळत असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा. विडी तर सोडावीच; धूळ आणि धूर मिळून छाती लवकर निकामी करतात.

रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन काम रेटू नये. त्यांनी जठराला जखमा होतात व मूत्रपिंडे बिघडतात. पायात बधिरपणा वा अशक्तपणा आल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे. लघवीवरचा ताबा गेल्यास तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर धुळीचा म्हणून सोडून न देता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत होते.

गिरणीत निदान दवाखाना असे. घरच्या मागावर तो नाही. म्हणून वर्षातून एकदा डोळे, छाती व रक्तदाब तपासून घेण्याचा दिवस विणकर कुटुंबाने स्वतःच ठरवावा. ७ ऑगस्ट हा २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. तोच दिवस धरला तर विसरणार नाही.