दारू सोडायची आहे? जवळची सभा अशी शोधा

परदेशातल्या मराठी माणसाला दारूसाठी मदत घ्यायची म्हटली की मनात पहिला विचार येतो, "मंडळात कळलं तर?" मग तो घरातच, कुणाला न सांगता, एकट्याने दारू सोडायचा प्रयत्न करतो. एकट्याने हे इतकं अवघड का जातं आणि अमेरिकेत आपल्या गावातली मदतगटाची सभा कशी शोधायची, ते या लेखात पाहू.

सभेआधी डॉक्टर

तुम्ही रोज आणि भरपूर पीत असाल, तर एकदम दारू बंद करू नका. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा परिणाम दाबते. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ही वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ताप येतो, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. फिट आली किंवा भास होऊ लागले तर लगेच ९११ ला फोन करा.

सभेने काय साधतं?

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन, दोघेही दारूत बुडालेले. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोललं की आजचा दिवस निभावतो, हा त्यांचा अनुभव होता.

२०२० साली कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणाऱ्या उपचारांनंतर एका वर्षाने सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मान्य उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. यामागच्या कारणांचा शोध घेणाऱ्या संशोधनात एक गोष्ट ठळकपणे दिसते: माणसाची संगत बदलते. पिणाऱ्यांची सोबत कमी होते, न पिणाऱ्यांची वाढते. ज्याची प्रत्येक शनिवारची पार्टी बाटलीभोवती जमते, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

शोधायचं कुठे?

ए.ए.चं 'मीटिंग गाइड' हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या. तुम्ही जिथे आहात त्याच्या आसपासच्या सभा, वार आणि वेळ त्यात दिसतात. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर शेजारच्या गावातली किंवा ऑफिसजवळची सभा निवडा. ऑनलाइन सभाही आहेत.

यादीत 'ओपन' लिहिलं असेल तर कुणीही जाऊ शकतं, सोबत पत्नी किंवा मित्रही चालतो. 'क्लोज्ड' सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. स्त्रियांच्या वेगळ्या सभा असतात. देवाचा उल्लेख नको असणाऱ्यांसाठी 'सेक्युलर' सभाही असतात. बारा पायऱ्यांचा मार्गच पटत नसेल, तर विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर आधारलेले 'स्मार्ट रिकव्हरी'चे गट पाहा.

फोनवर बोलायचं असेल तर १-८००-६६२-४३५७ ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र मोफत चालते. माहिती गुप्त राहते.

पहिल्या दिवशी

सभा बहुधा तासाभराची असते आणि बऱ्याचदा चर्चच्या तळघरात किंवा हॉलमध्ये भरते. हॉल भाड्याचा असतो, धर्म बदलायला कुणी सांगत नाही. फी नसते. डबा किंवा टोपली फिरते, त्यात पैसे टाकायलाच हवेत असं नाही. फक्त नाव सांगायचं, आडनाव नाही. बोलायची पाळी आली तर "मी आज फक्त ऐकायला आलोय" एवढं पुरतं. सभा संपल्यावर लगेच निघू नका. चहा-कॉफीच्या त्या दहा मिनिटांत फोन नंबर मिळतात, आणि रात्री अकराला पिण्याची ओढ लागली की तेच नंबर कामी येतात.

पहिली सभा आवडली नाही तर?

प्रत्येक सभेची माणसं वेगळी, वातावरण वेगळं. एकीवरून मत बनवू नका, पाच-सहा सभा पाहा. सभेबरोबर औषधंही घेता येतात. नाल्ट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेट तुम्हाला योग्य आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

घरातलं दुसरं कुणी पीत असेल, तर तुमच्यासाठी 'अल-अनॉन' आहे. तिथे जायला पिणाऱ्याची परवानगी लागत नाही, आणि त्याने दारू सोडेपर्यंत थांबायचीही गरज नाही.

१९८६ पासून पुण्यात 'मुक्तांगण' चालवणाऱ्यांनी व्यसन हा आजार आहे हे मराठी घराघरांत पोचवलं. मधुमेहासाठी डॉक्टर शोधताना आपण लाजत नाही. या आजारासाठीही तसंच करा. आज अ‍ॅप उघडा आणि या आठवड्यातली एक वेळ ठरवा.