बाळाची गोळी खाली का उतरत नाही?

“डॉक्टर, बाळाची एकच गोळी हाताला लागते. सासूबाई म्हणतात, चालायला लागला की आपोआप उतरेल.” शिरूर असो की दौंड, दवाखान्यात हे मी पुष्कळदा ऐकतो. ही गोष्ट बहुधा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या प्रथम ध्यानात येते. पण विषय संकोचाचा, म्हणून घरातच राहतो. तेव्हा आज जरा मोकळेपणाने लिहितो.

वृषण, म्हणजे आपण ज्यांना गोळ्या म्हणतो ते, मुळात पोटात मूत्रपिंडाजवळ तयार होतात. गर्भाच्या ८ ते १५ व्या आठवड्यांत ते जांघेच्या आतल्या बाजूस येऊन पोहोचतात. तेथे मुक्काम होतो. मग साधारण २५ ते ३५ व्या आठवड्यांत जांघेच्या बोगद्यातून खाली पिशवीत उतरतात. वाट दाखवतो तो दोरीसारखा एक मऊ पट्टा. अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यवैद्याने त्याला ‘गुबर्नाक्युलम’ म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सुकाणू.

हे सुकाणू फिरवते कोण? पहिल्या टप्प्यात वृषणातूनच निघणारे एक संप्रेरक. दुसऱ्या टप्प्यात पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन लागते, आणि येथेच नसेचा संबंध येतो. कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेत जाणारी जेनिटोफिमोरल ही नस. दोन वर्षांपुढच्या मुलाच्या मांडीला आतून हलकेच बोट फिरवले की त्या बाजूची गोळी चटकन वर सरकते, तीही याच नसेमुळे. मेलबर्नचे बालशल्यचिकित्सक जॉन हटसन यांचे म्हणणे असे, की संप्रेरक या नसेला जागे करते, नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे रसायन झिरपते आणि त्याच्या इशाऱ्यावर सुकाणू पिशवीकडे सरकते. नवजात उंदरांत ही नस कापली तर त्या बाजूचे वृषण वरच अडकते. माणसात सारे तसेच घडते, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र मणका जन्मतः उघडा राहिलेल्या मुलांत गोळी न उतरण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, ही गोष्ट नसेच्या बाजूने बोलते.

आता कामाचे. पूर्ण दिवसांच्या १०० मुलांत साधारण तिघांची गोळी जन्मतः खाली नसते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जाते. यातल्या पुष्कळांची पहिल्या काही महिन्यांत स्वतःहून उतरते. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर पुढे उतरण्याची शक्यता फारच थोडी. तेल चोळून किंवा शेकून ती येत नाही. उलट नाजूक भागाला इजा होते. पूर्वी यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने देत, आता त्यांची शिफारस होत नाही.

तपासायचे तर कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर, बाळ शांत असताना, ऊबदार हातांनी. थंडीने वा रडण्याने वर गेलेली गोळी अशा वेळी खाली दिसते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही, फक्त दरवर्षी तपासणी हवी, कारण काहींची पुढे वरच राहते. दोन्ही गोळ्या लागत नसतील तर मात्र सहा महिने थांबू नका, जन्मानंतर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शस्त्रक्रिया सहा महिन्यांनंतर, शक्यतो वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षापर्यंत व्हावी. “शाळेत जाऊ दे, मग बघू” हे मला मुळीच पटत नाही. पिशवीतली उष्णता शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असते. वरच्या उबेत वृषणातील बीजपेशी कमी होत जातात आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. कर्करोगाचा धोकाही वाढतो. वेळेवर शस्त्रक्रिया केल्याने तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून मुलगा मोठा झाल्यावर त्याला हे सांगून ठेवावे.

गोळी जांघेत हाताला लागत असेल तर बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. लागतच नसेल तर दुर्बिणीतून शोधतात. बालशल्यचिकित्सकांची सोय पुण्यात ससूनला आहे. दौंडहून रेल्वेने आणि शिरूरहून एस.टी.ने जाता येते. जाताना बाळंतपणाचे कागद बरोबर न्या. बाळ किती आठवड्यांचे जन्मले, हे तेथे पहिल्यांदा विचारतील.