मनोविकार, लोकलज्जा आणि शिक्षकाचे कर्तव्य

हेतू : मनोविकाराविषयीच्या लज्जेमुळे उपचारास विलंब कसा होतो, हे शिक्षकांनी समजून घ्यावे व तो विलंब कमी करण्याचे आपल्या हातातील उपाय जाणावेत.

विवेचन

हात मोडला तर ते चावडीवर सांगण्यास कोणी लाजत नाही. परंतु घरातील कर्ता मुलगा रात्र-रात्र झोपेनासा झाला, एकटाच बोलू लागला अथवा अन्नपाणी टाकून भिंतीकडे तोंड करून बसला, तर प्रथम घराचे दार लावले जाते. “लोक काय म्हणतील?”, “बहिणीचे लग्न कसे जमेल?” हे प्रश्न आधी उभे राहतात. मग बाहेरची बाधा, करणी, भगत, अंगारे-धुपारे यांत महिने, कधी वर्षे निघून जातात. दवाखान्याची वाट सर्वांच्या शेवटी सापडते.

हा विलंब निरुपद्रवी नसतो. तीव्र मनोविकारात उपचारावाचून जितका काळ जातो, तितकी सुधारणा कठीण होते. खोल नैराश्यात तर जिवावरच बेतते. वस्तुतः मेंदूच्या कार्यातील बिघाड, अनुवंश, दीर्घ दुःख, व्यसन अशा अनेक कारणांच्या संयोगाने हे विकार उद्भवतात. त्यात कुळाचा दोष नाही. औषध व समुपदेशन यांनी पुष्कळ रुग्ण पुन्हा कामधंद्याला लागतात.

सन २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे त्यात आढळले. डॉक्टरांची उणीव व खर्च ही त्याची कारणे आहेतच. पण लज्जा हेही मोठे कारण आहे.

रुग्णास दृष्टीआड करण्याची परिणती किती भीषण होऊ शकते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील एका खाजगी आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जण मृत्यू पावले. पुढे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने रुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली व उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे वा बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

शिक्षकांनी काय करावे?

१. “वेडा”, “खुळा” हे शब्द शिवी म्हणून आपण वापरू नयेत व वर्गात वापरू देऊ नयेत. ज्या मुलाची आई आजारी आहे, त्याच्या कानी ते शब्द कसे पडत असतील, याचा विचार करावा.

२. हसरे मूल काही आठवडे गप्प राहू लागले, अभ्यासात एकाएकी मागे पडले वा विनाकारण भिऊ लागले, तर त्यास शिक्षा करू नये. एकांतात विचारपूस करावी.

३. रोगाचे नाव आपण ठरवू नये. पालकांस जे दिसले तेवढेच सांगावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्याचे सुचवावे. तेथून जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविण्याची सोय होते. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो; मराठीतही बोलता येते.

४. पालकांच्या श्रद्धेची थट्टा करू नये. देवदर्शनाने धीर येत असेल तर अवश्य जावे, परंतु औषध थांबवू नये, असे सांगावे. थट्टा झाली की ते पुन्हा आपले दार उघडणार नाहीत.

५. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर ती पोकळ धमकी समजू नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये व त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

६. कळलेली गोष्ट शिक्षक-खोलीतही बोलू नये.

समारोप

ज्या घरी डॉक्टर उशिरा पोहोचतो, त्या घरी मुलांच्या निमित्ताने शिक्षकाचे जाणे-येणे असते. “गुरुजी, आमच्या घरी असे असे आहे,” हे वाक्य कोणीतरी प्रथम आपल्यापाशी उच्चारील. त्या क्षणी आपला चेहरा कसा राहतो, यावर त्या रुग्णाचा पुढचा मार्ग पुष्कळसा अवलंबून आहे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावी मनोविकारासंबंधी कोणते शब्द रूढ आहेत? त्यांऐवजी कोणते वापरता येतील?
२. उपचारास नकार देणाऱ्या पालकाशी आपण बोलण्यास कशी सुरुवात कराल?