आबा म्हणतात, ‘नावावर करून टाकतो’: वालूरची शेती आणि परदेशातला वारस

नोकरी लागून परदेशात जरा बूड टेकलं की वालूरहून फोन येतोच. आबा म्हणतात, ‘माझे हातपाय चालतायत तोवर तुझा हिस्सा तुझ्या नावावर करून टाकतो.’ ऐकून बरं वाटतं. पण लगेच हो म्हणू नका.

अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. बक्षीसपत्रानंही ती घेता येत नाही, हे फार थोड्यांना. सख्ख्या बापानं दिली तरी नाही. फेमा कायद्याखालच्या 2019 च्या नियमांत फ्लॅट, प्लॉट यांना मोकळीक आहे. शेतजमीन आणि फार्महाऊस त्यातून वगळलेत. तालुक्याच्या गावी, सेलूला, दस्त नोंदला गेला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. वारसाहक्कानं मात्र शेतजमीन घेता येते, ठेवता येते. म्हणून आबांनी बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करावं, असं अशा व्यवहारांत मुरलेली कुटुंबं सांगतात. वाटणीपत्रात तुमचं नाव घालायचं ठरत असेल, तर सही करण्याआधी फेमा जाणणाऱ्या सीएला मसुदा दाखवा.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. पुढं भावकीत ‘ही सही आबांची नाहीच’ असं कुणी म्हणालं तर उपयोगी पडतं. साक्षीदार आबांच्या वयाचे घेऊ नका. आबा फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहू शकतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलामुलींचे हिस्से त्यांच्या लेखणीखाली येत नाहीत. आणि ‘ही जमीन माझ्या वंशजांनी कधीही विकू नये’ हे वाक्य बहुतेक म्हाताऱ्यांना लिहायचं असतंच. लिहू द्या, पण त्यावर विसंबू नका. मालकी देऊन वर कायमची विक्रीबंदी घालणारी अट कायद्यापुढे टिकत नाही. जमीन घरात राखायला त्याहून कामाचं कलम हिंदू वारसा कायद्यात आधीच आहे, 22 वं. मृत्युपत्राविना, वारशानं मिळालेला हिस्सा एका वारसानं विकायला काढला, तर तो घ्यायचा पहिला हक्क त्याच्याबरोबरच्या वारसांचा. शेतजमिनीलाही हे कलम लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलं.

आता बहिणींचं. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार झाली आणि त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असं नाही, हे 2020 च्या विनीता शर्मा निकालानं पक्कं झालं. 20 डिसेंबर 2004 आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या सुरक्षित. आमच्याकडे अजून चाल अशी, की लग्न झालेल्या बहिणीला दिवाळीत साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सहीसाठी सेलूला न्यायचं. ही चाल वाईट आहे. बहीण खुशीनं हक्क सोडत असेल तर प्रश्न नाही, पण आधी तिला हिस्सा किती हे सांगा. तिची सही ‘राहून गेली’ म्हणून अडलेल्या जमिनी आमच्या ओळखीतच पुष्कळ आहेत.

कागदांच्या बाबतीत मराठवाड्याचा माणूस पुणे-साताऱ्याच्या मित्राचा सल्ला ऐकून चालला तर फसतो. आपण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आपला कूळकायदा वेगळा, 1950 चा हैदराबादचा. जुनी कागदपत्रं बऱ्याचदा उर्दूत. ती वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि आबा असतानाच शोधावा, कारण त्यातली नावं कुणाची हे तेच सांगणार. सातबारा, आठ-अ आणि फेरफार आता मोबाइलवर मिळतात. पण मूळ धरायचं ते 1954-55 च्या खासरा पत्रकाला. तहसीलातून त्याची प्रमाणित नक्कल काढा आणि आजच्या गट नंबरापर्यंत एकेक फेरफार जुळवत या. मधला एखादा दुवा निखळलेला सापडला, तर तो शोधायला आबांची आठवण उपयोगी पडते, पण पुरावा कागदाचाच लागतो. जमिनीवर मदतमाश किंवा खिदमतमाश इनामाची नोंद असेल, किंवा भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल, तर सगळं थांबवून आधी महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा.

कुणी वारलं की वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती ई-हक्क प्रणालीतून देता येते. हे न केल्यानं पणजोबांची नावं सातबाऱ्यावर तशीच राहिली, म्हणून तर सरकारला 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावानं निघते, आणि आपल्या जिल्ह्यातून जालना–नांदेड द्रुतगती मार्ग जातोय, हे ध्यानात ठेवा. मात्र फेरफारात नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असंही समजू नका.

कसणारा कोण, हे मालक कोण याच्याइतकंच महत्त्वाचं. बटईनं द्या की ठोक्यानं, दरसाल कागद करा. कूळकायद्याचा विचार करून तो वकिलानं लिहिलेला असावा. ई-पीक पाहणीत कुणाचं नाव चढतंय ते हंगामात एकदा बघा. परक्यानं उघडपणे, तुमचा हक्क नाकारून बारा वर्षं ताबा ठेवला तर जमीन हातची जाऊ शकते. सख्खा भाऊ कसत असेल तर नुसत्या तेवढ्यानं तुमचा हिस्सा बुडत नाही, तेव्हा त्याच्यावर उगाच संशय घेऊन नातं नासवू नका. पीएम-किसानचे हप्ते अनिवासींना नाहीत. तुमच्या खात्यात येत असतील तर बंद करा.

कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर नेमक्या कामाचं द्या: वारसनोंद, मोजणी, पीकविमा. ‘सर्व अधिकार’ लिहिलेलं छापील पत्र वकिलातीत नेऊन सही करणं सोपं असतं, निस्तरणं नाही. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. आणि ते देणाराच वारला तर त्या पत्राला काही अर्थ उरत नाही. आबांनी काकांना दिलेल्या पत्रावर नंतर कुणी व्यवहार करू लागलं तर आधी हेच विचारा.

वाटणीत तुकडा किती लहान करता येतो, यालाही मर्यादा आहे. 2023 च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे ठरलं. पण आमच्या मते एकर-गुंठ्यांपेक्षा भांडण विहिरीवरून आणि वाटेवरून जास्त होतं. वालूरची ती चक्राकार बारव गावानं श्रमदान करून गाळातून वर काढली, सगळ्यांना त्याचा अभिमान. त्याच गावात चुलतभावांच्या सामाईक विहिरीवर मोटार कुणाची, पाळी कुणाची, यावर बोलणं बंद असतं. वाटणीपत्रात विहिरीचा हिस्सा, पाळीचे दिवस, पाइपलाइन, बैलगाडीची वाट, बांधावरची झाडं हे सगळं लिहून घ्या, आणि विहिरीचा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवा. दोन भाऊ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे गट कसत असतील, तर 2023 पासूनच्या सलोखा योजनेत एक हजार मुद्रांक आणि एक हजार नोंदणी शुल्कात अदलाबदल होते. ताबा किमान बारा वर्षांचा हवा.

विकायचंच ठरलं तर शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, दुसऱ्या अनिवासीला नाही. पैसे एनआरओ खात्यात येतात. तिथून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. शहरापासून लांबच्या शेतीच्या विक्रीवर भारतात भांडवली नफ्याचा कर बसत नाही, पण अमेरिकेत राहणाऱ्याला तो नफा तिथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो.

पुढच्या सुट्टीचं तिकीट काढाल तेव्हाच मोजणीचा अर्ज ऑनलाइन भरा. आयत्या वेळी तारीख मिळत नाही. मोजणीची नोटीस लगतच्या शेतकऱ्यांनाही जाते, म्हणजे शेजारी हजर असतात. त्या दिवशी आबांना खुर्ची टाकून बांधावर बसवा, आणि बहिणींनाही बोलवा.