डबा विकत घेण्याआधी ठिणगी बघ

अगं, आधी ते पैसे परत कपाटात ठेव. दिवाळे गावच्या जेट्टीवर कुणीतरी तुझ्या मशीनचं झाकण उघडलं, दोनदा दोरी ओढली, "सीडीआय गेला, नवीन डबा टाका" म्हणाला आणि चालता झाला. एवढ्यावर तू बांगड्या गहाण ठेवायला निघालीस? खरं सांगू का, डबा जातो, नाही असं नाही. पण जुन्या आउटबोर्डात संशय घ्यायचा तर त्याच्यावर सगळ्यात शेवटी. मासळी विकून आलेला पैसा आपल्याकडे बाईच्या हातात असतो ना, मग तो कशावर जातोय हे तपासायचंही तिनेच.

दिवस कोणते आहेत ते बघ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, मशीन ताडपत्रीखाली. खाडीचं पाणी वाळलं की मीठ मागे राहतं, त्याला पावसाची ओल मिळाली की तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढतो. म्हणून ऑगस्टात सुरू न होणाऱ्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा जोडण्यांमध्ये सापडतं. मिक्सर बंद पडला की तू आधी प्लग नीट बसलाय का बघतेस, लगेच नवा मिक्सर आणत नाहीस. इथेही तेच करायचं.

आणि ट्रॉलरवर काम करणाऱ्या मामांचं या बाबतीत ऐकू नकोस. त्यांचं इंजिन डिझेलचं. त्यात हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं, ठिणगी लागतच नाही. तुझं पेट्रोलवर सुरू होऊन केरोसीनवर चालणारं, त्याला ठिणगी हवीच. ती येते कशी ते एकदा समजून घे, मग कुणी तुला घाबरवू शकणार नाही. तू दोरी ओढलीस की वरचं फ्लायव्हील फिरतं. त्यातल्या लोहचुंबकामुळे खालच्या चार्ज कॉइलमध्ये वीज तयार होते आणि सीडीआयच्या डब्यात साठते. पल्सर कॉइलने इशारा दिला की डबा ती इग्निशन कॉइलकडे सोडतो, तिथे ती हजारो व्होल्टची होते आणि जाड वायरमधून प्लगला जाते. दोरीने सुरू होणाऱ्या मशीनमध्ये ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, तेव्हा बॅटरीचा खर्चही कुणाला गळ्यात मारू देऊ नकोस.

सुरुवात लाल दोरीपासून कर, जी मनगटाला बांधतात. तिची क्लिप स्विचवर नीट बसली नसेल तर मशीन जन्मात सुरू होणार नाही. मग प्लग काढ. टोक ओलं आणि काजळीने काळंकुट्ट असेल तर केरोसीनची करणी. बंद करायच्या आधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवलं नाही की हे होतंच. पांढऱ्या चिनी मातीला बारीक तडा असेल तर साफ करत बसू नकोस, नवाच टाक. त्यावरचा नंबर मशीनच्या पुस्तकातलाच हवा, "हा पन चालतो" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस.

आता ठिणगी. इथे मी दटावणारच आहे. पेट्रोलची टाकी आधी लांब ने, मशीनचं झाकण उघडं ठेवून वाफ उडून जाऊ दे, आणि जवळ कुणी बिडी ओढत असेल तर त्याला हाकल. दोन्ही प्लग काढून टोपीत घाल आणि त्यांचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकव, प्लगच्या भोकांपासून दूर. हातात धरायचे नाहीत, झटका जीवघेणा ठरू शकतो. टोपी मोकळी ठेवूनही दोरी ओढू नकोस, त्याने चांगला डबा खरोखरच जाईल. आता सावलीत ओढून बघ. निळी, कडक, टक्कन आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली असेल तर वीज वाटेत कुठेतरी गळतेय.

ठिणगी अजिबात नसेल तर डब्याकडे येणारी स्टॉप स्विचची वायर तेवढी सोडव आणि पुन्हा ओढ. आली ठिणगी? मग डबा शाबूत आहे, स्विच किंवा त्याची वायर खराब आहे. हा स्विच मशीन बंद करतो तो वीज जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या अंगाला, जोडून. आत मीठ साचलं की तो ती कायमचीच जोडून ठेवतो. केवढ्याशा वस्तूपायी केवढा खर्च होणार होता, बघ! वायर पुन्हा जोडल्याशिवाय मात्र होडी पाण्यात नेऊ नकोस. माणूस होडीतून पडला तर मशीन बंद करणारी तीच.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर काम सोपं. दोन्हीच्या इग्निशन कॉइल वेगवेगळ्या असतील तर अदलाबदल कर. दोष कॉइलबरोबर दुसरीकडे गेला तर कॉइल खराब, जिथल्या तिथे राहिला तर मागे शोध. एका वेळी एकच वस्तू बदलायची हं, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही. जमिनीला जाणाऱ्या काळ्या वायरचे स्क्रू काढून खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घास, घट्ट आवळ आणि वरून व्हॅसलिन लाव.

मशीन अर्धा तास छान चालून मग बंद पडतं आणि गार झालं की पुन्हा सुरू होतं, असं असेल तर कॉइल किंवा डबा तापल्यावर दगा देतोय. मल्टीमीटरने ते गरम असतानाच मोजायचं, कारण गार झाल्यावर आकडे पुस्तकाप्रमाणे दिसतात. एवढं सगळं करूनही ठिणगी नसेल तर फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, ते मेकॅनिकलाच करू दे. पण त्याला सांग, आधी चार्ज कॉइल आणि पल्सर मोजून दाखव, मग डब्याचं बोलू.

सुरू झालं की जेट्टीला बांधूनच वीस मिनिटं चालव, खालचा भाग पाण्यात बुडालेला हवा. बाजूच्या भोकातून पाण्याची धार येतेय ना तेही बघ. पहिल्या फेरीला वल्ही, नांगर आणि दोन नवे प्लग होडीत असू देत, भरतीचं वेळापत्रक बघूनच निघायला नवऱ्याला सांग. किनारा पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४, हे दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये आज रात्रीच तू स्वतः घालून दे.